नाव बदलून पाहिलं

१

या उन्हाळ्यापर्यंत मी सकाळी नऊ ते एक माणसं शोधायची. हे सांगितलं की गावात लोकांना वाटायचं, तांदळ्यांची पोर पोलिसात लागली. पण पोलिसांपेक्षा माझं काम सोपं होतं. माझी माणसं स्वतःहून सापडायला बसलेली असायची.

पुण्याच्या एका एजन्सीसाठी मी हे करायची, पालीतल्या आमच्या घराच्या माडीवरून. माडीवरूनच, कारण तिथल्या खिडकीत बीडचा टॉवर नीट पकडतो. कंपनीला माणूस हवा असतो आणि माणसाला कंपनी हवी असते. दोघं नोकरीवाल्यांच्या एकाच साइटवर असतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. मी मधे बसून शोधायची. शोधाच्या चौकटीत काय टाकायचं आणि काय वगळायचं, यातच सगळी कला आहे. नुसतं ‘वेल्डर’ टाकलं की दहा हजार नावं येतात. जिल्हा टाका, कोर्स टाका, ‘पुण्यात राहतो’ असे वगळा, ‘नोकरीच्या शोधात’ ही खूण असलेले ठेवा, की त्यांचे चाळीस होतात. त्या चाळिसांची यादी मी एजन्सीच्या बिभीषण सरांना पाठवायची.

बिभीषण सर मूळचे धारूरचे, बोलायला गोड. फोन ठेवताना मात्र रोजचं एक वाक्य असायचं. “मॅडम, मुलंच बघा बरं का. पार्टीनं सांगितलंय.” पार्टी म्हणजे कंपनी. लिहून कुणीच देत नाही, हे तोंडीच चालतं. चार वर्षं मी मुकाट्यानं मुलं शोधून दिली. चाळणी माझ्या हातात आहे आणि तिच्यातून गळणारी मीच आहे, हे डोक्यात शिरायला मला चार वर्षं लागली, इतकी मी हुशार.

ते कळलं मार्चमध्ये. संभाजीनगरच्या एका कारखान्याला त्यांच्या भरती विभागात माणूस हवा होता. काम तंतोतंत माझं. मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा साधी पोचसुद्धा आली नाही. मग मला राग आला, आणि राग आला की मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी माझ्या प्रोफाइलची हुबेहूब नक्कल केली. कॉलेज तेच, मार्क तेच, चार वर्षांचा अनुभव तोच, मोबाईल नंबरही माझाच. फोटोची जागा रिकामी ठेवली. बदललं फक्त नाव, आणि ‘स्त्री’च्या जागी ‘पुरुष’ केलं.

नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मी जन्मायच्या आधीच अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलाचं नाव ठरवून ठेवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, बीडहून ताट-वाटी-तांब्या आणून त्यावर कोरूनही घेतलं होतं: चि. अभिमन्यू गहिनीनाथ तांदळे. नंतर मी झाले. कोरलेली भांडी दुकानदार परत घेत नाही. त्याच ताटात मी सव्वीस वर्षं जेवले, त्याच्या काठावरचं नाव वाचत.

चौथ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. बाईंचा आवाज होता. “अभिमन्यू तांदळे यांच्याशी बोलायचंय.”

खरं सांगायचं मी ठरवलं होतं. तुम्हाला जो माणूस हवाय ती मी आहे, असं ठणकावून सांगायचं होतं. पण मुलाखतीच्या खोलीत, सगळ्यांच्या तोंडावर सांगावं, म्हणून मी जीभ आवरली.

“ते बाहेर गेलेत,” मी म्हणाले.

“आपण कोण?”

“त्यांची बहीण.”

“कधी भेटतील?”

“दीडपर्यंत येतील जेवायला.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मी फोन ठेवून एकटीच हसले.

२

त्या दिवशी एक वाजताच लाईट गेली. पंखा थांबला की आमची माडी भट्टी होते. मी खिडकीशी उभी होते. बिंदुसरा नदीचं पाणी पार आत गेलेलं दिसत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खाली आई भाकरी थापत होती. तेवढा एकच आवाज.

मग एक मोटारसायकल पुलावरून आली. आवाज नीट ऐकू येत होता: पुलावर मोकळा, आमच्या बोळात दबलेला. फाटकातून आत आली, अंगणात बंद झाली. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज आला.

मी वाकून पाहिलं. अंगणात दोन कोंबड्या होत्या आणि माझी स्कूटी. बाकी काही नाही.

मी दचकले वगैरे नाही. आवाज भिंतींवर आपटून कुठूनही येतो, शेजारच्या पप्पूकडे कुणी आलं असेल. आमच्याकडे मोटारसायकल नाहीच, अण्णा जीपनं फिरतात. तेवढ्यात खालून आईचा आवाज आला.

“राजी, कोण आलंय गं?”

“कुणी नाही.”

“गाडी वाजली की.”

मी खाली गेले. दारापुढे पाय धुवायची फरशी आहे, शेजारी पाण्याचं पिंप. पिंपाचं झाकण बाजूला ठेवलेलं होतं. फरशी ओली होती. बाहेर तवा तापल्यासारखं ऊन, त्यामुळे ओल कडांकडून सुकत मधे येत होती. मी तिथेच उभी राहून ती पूर्ण सुकेपर्यंत पाहिली.

“तू पाणी ओतलंस?” मी आईला विचारलं.

“माझे हात पिठात हायेत,” आई म्हणाली.

घड्याळात एक चौतीस झाले होते. दुसऱ्या दिवशी गाडी बरोबर त्याच वेळी आली. तिसऱ्या दिवशी मी अंगणातच खुर्ची टाकून बसले. फाटक हललं नाही. आवाज माझ्या अंगावरून आत गेला आणि माझ्या पाठीमागे स्टँड लागलं.

३

कारखान्याला मी मुद्दाम परत फोन केला नाही. पण त्या आठवड्यात सहज म्हणून अभिमन्यूचं प्रोफाइल उघडलं, तर त्याला एक शिफारस आली होती. शिफारस म्हणजे ओळखीच्या कुणी चार शब्द चांगले लिहायचे. लिहिणाऱ्या होत्या सुनिता मॅडम, आमच्या हायस्कूलच्या मराठीच्या.

‘अभिमन्यू माझा दहावीचा विद्यार्थी. वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी कपिलधारला पायऱ्यांवर पडून त्याच्या भुवईला टाके पडले होते. तरी तो उभा राहिला आणि जिल्ह्यात पहिला आला.’

टाके माझ्या भुवईला आहेत. उजव्या. मी वाचताना तिथे बोट लावून पाहिलं.

मॅडमना फोन लावला. त्या खूश झाल्या, आईची चौकशी केली. मी म्हणाले, “मॅडम, टाके पडले होते ती मी. पहिली आलेली मी.”

“अगं, तुझा भाऊ ना तो?” त्या सहज म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांपुढे आहे अजून, कपाळाला पट्टी आणि ऐटीत उभा. तू... तू मागच्या वर्गात होतीस का गं?”

“मला भाऊ नाही, मॅडम.”

मग त्या अवघडल्यासारख्या हसल्या. “भांडण झालं वाटतं. असू दे, मिटेल.”

आता बघा, मी या धंद्यातली आहे. दोन सारखे प्रोफाइल दिसले की यंत्र कधीकधी त्यांची खिचडी करतं, एकाचं दुसऱ्याला चिकटवतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यावरून एजन्सीशी भांडलेही आहे. मॅडमना नोटीस गेली असेल, त्यांनी नाव न बघता लिहिलं असेल, आता वय झालं. असं मी स्वतःला दिवसभर समजावलं. यंत्राचं पटलं. मॅडमच्या डोळ्यांपुढच्या पट्टीचं काही केल्या पटेना.

संध्याकाळी पाहिलं तर रिकाम्या जागी फोटो आला होता. निळसर भिंत, खिडकीची सळई, आणि खिडकीकडे तोंड केलेला एक माणूस, मागून. भिंतीवर आमचं दिनदर्शिकेचं पान होतं, एप्रिलचं. फोटो मी बसले होते त्याच खुर्चीमागून काढलेला होता.

मी मान वळवून मागे पाहायला बराच वेळ घेतला. मागे दार होतं, आणि दार लावलेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं, ते प्रोफाइल काढून टाकलं. साइटनं दोनदा विचारलं, मी दोनदा ‘हो’ म्हटलं. मग एजन्सीच्या खात्यातून शोध लावला, भरती करणाऱ्याला जसं दिसतं तसं. आडनाव तांदळे, गाव पाली, शिक्षण बीसीए. आधी दोन नावं यायची. आता एक यायला हवं होतं.

एकच आलं. अभिमन्यू.

मी माझं प्रोफाइल सरळ उघडलं. वक्तृत्वाच्या बक्षिसाची ओळ नव्हती. पान पुन्हा उघडलं, तर कॉलेज गेलं होतं. तिसऱ्यांदा अनुभवाची चार वर्षं गेली. त्यानंतर पान उघडायची माझी हिंमत होईना. मग शिवी घालून उघडलंच. नावाखाली एक ओळ उरली होती: ‘नोकरीच्या शोधात नाही.’

पाणी प्यायला खाली आले. आई परसात होती, अण्णा बीडला. मी माठातून तांब्या भरला आणि डोक्यावर खुर्ची सरकली.

आमच्या माडीला लाकडी तख्तपोशी आहे. वर कुणी चाललं की खाली कळतं. चालण्याचा आवाज आला नाही. खुर्ची सरकली, करकरली, आणि मग की-बोर्डची बटणं वाजू लागली. घाई नव्हती. सवयीच्या हाताची लय होती ती. ती लय मी ओळखली, कारण स्पेसचं बटण मी अंगठ्यानं जरा जास्तच जोरात मारते.

उंदीर, मांजर, वारा, सगळं मनात येऊन गेलं. उंदीर स्पेस देत नाही.

मी तांब्या घेऊनच वर चढले. खोली रिकामी होती. खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली होती, कुणीतरी नुकतं उठल्यासारखी. शोधाची चौकट उघडी होती. वर लिहिलं होतं: ‘तांदळे, पाली’. आणि खाली वगळायच्या रकान्यात माझं नाव होतं.

मी ते पुसलं. एकेक अक्षर, मागून पुढे, सगळं राजनंदिनी. मग खुर्चीत बसले, आणि त्या रिकाम्या खोलीला मोठ्यानं सांगितलं, “ही माझी जागा आहे.” माझा आवाज घोगरा लागला. घसा बसला असेल असं म्हटलं.

५

अण्णा दहा वर्षं पालीचे सरपंच होते. खुर्ची गेली तरी लोक अजून ‘सरपंच’ म्हणतात, आणि म्हणताना पुढचंही विचारतात, “तुमच्यामागं कोण?” या प्रश्नावर अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि विषय उसावर न्यायचे. ते हसू मी लहानपणापासून पाहत आलेय. माझा त्यांच्यावर राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही खरं आहे.

त्या शनिवारी स्कूटीवरून बीडला निघाले, तर गावच्या फाट्यावर फ्लेक्स दिसला. ‘युवा नेते अभिमन्यूभैय्या तांदळे यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली शुभेच्छा देणारे पंधरा-वीस चेहरे, सगळे गावातले, ओळखीचे. मधल्या मोठ्या चेहऱ्यावर ऊन पडून रंग उडाला होता, तिथे फक्त एक फिकट डाग राहिला होता. फ्लेक्सची एक कड फाटून फडफडत होती. बांबूवर वाळवी चढली होती. दोन-तीन वर्षं उन्हापावसात काढल्याशिवाय फ्लेक्स असा होत नाही. आणि मी त्या फाट्यावरून आदल्याच दिवशी गेले होते.

वाढदिवसाची तारीख माझी होती.

तशीच घरी वळले. अण्णा ओट्यावर पान लावत बसले होते.

“अण्णा, फाट्यावर ते काय लावलंय?”

“काय लावलंय?”

“अभिमन्यूचा फ्लेक्स.”

“जुना हाय की त्यो,” अण्णा म्हणाले. “पोरांनी लावलता. काडा म्हनलं तर काडत न्हाईत.”

“कोण अभिमन्यू, अण्णा?”

ते हसले. विषय उसावर नेतानाचं ते हसू नव्हतं. छाती भरून, मोकळं हसले. असं मी त्यांना सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. “लई मस्करी करती तू,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघताना डोळे बारीक केले, जसे आपण उन्हात लांबचं माणूस ओळखायला करतो. “कवा आलीस? जावई न्हाई आले?”

माझं लग्न झालेलं नाही.

मी माडीवर जाऊन बिभीषण सरांना फोन लावला. निदान पगारपत्रकावर तरी मी असेन, असं वाटलं. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

“बोला, अभिमन्यू सर. आवाज बसलाय का? संभाजीनगरचं झालं म्हणे, अभिनंदन. आता फक्त पत्त्याची पडताळणी राहिली. सोमवारी माणूस येईल घरी. घरच्यांपैकी कुणी हजर ठेवा म्हणजे झालं.”

त्याच दुपारी मी एजन्सीचं काम सोडलं. पण सोडल्याचं कळवायचं कुणाच्या नावानं, ते मला सुचेना.

६

राहिली आई.

माझी आई, वत्सलाबाई, मोजकं बोलते. गाडीचा आवाज तिलाही येत होता, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दीडला स्टँड वाजलं की ती जागची उठायची आणि एक भाकरी जास्त टाकायची. पाटापुढे दुसरं ताट वाढून वर परात झाकून ठेवायची. मी पाहायची आणि विचारायचं टाळायची, कारण उत्तराची भीती होती. सगळ्या जगानं मला वगळलं असतं तरी मी भांडले असते. आईनं वगळलं असतं तर कुणाशी भांडणार होते?

रविवारी विचारलं.

“आई, हे कुणाला?”

“असू दे.”

“कुणाला वाढतेस?”

तिनं परातीवरून हात फिरवला. “दारात आलेलं उपाशी जाऊ ने,” ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, चुलीकडे बघत म्हणाली, “तुझ्या टायमाला समदे म्हनायचे, पोरगाच हाय. मी पन म्हनले, हाय. नऊ महिने त्याच्याशीच बोलले म्या. अभी म्हनून. मंग तू झालीस. ज्याच्याशी बोलले त्यो कुठं गेला, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई.”

मला हे कधी माहीत नव्हतं. वाईट वाटलं, आणि तितकाच संताप आला. नऊ महिने पोटात मीच होते. बोलणं ऐकणारीही मीच होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“तो आला तर तुला हवाय का?”

परात तशीच झाकलेली राहिली.

७

सोमवारी एक वाजता पडताळणीवाला आला. बजरंग नाव, बीडचाच, चाळिशीचा, घामानं भिजलेला साधा माणूस. आठ घरं करून आला होता आणि अजून चार राहिली होती, असं त्यानंच सांगितलं. अण्णांनी त्याला ओट्यावर बसवलं. मी चहा घेऊन बाहेर आले.

“घरात एकूण माणसं?” त्यानं मोबाईलकडे बघत विचारलं.

“तिघं,” अण्णा म्हणाले. “मी, आमची मंडळी, अन् पोरगा.”

ट्रे हातात घेऊन मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. आई उंबऱ्यात होती.

“मी कोण, अण्णा?” मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी डोळे बारीक केले नाहीत. चेहरा फुलला त्यांचा. “बस की इथं. किती येळ हुभा राहणार?”

हुभा. मी ऐकलं.

“एक फोटो लागतो घरापुढं,” बजरंग म्हणाला आणि मोबाईल धरला. मी बाजूला होणार, तोवर त्यानं काढलासुद्धा. “झालं. चेहरा जुळला.”

“कुणाचा?” मी म्हणाले. त्यानं मोबाईल माझ्याकडे वळवला.

पडद्यावर आमचा ओटा होता. अण्णा बसलेले, उंबऱ्यात आई. मधे ट्रे धरून एक तरुण उभा होता. कप तेच तीन, चहाची वाफही तीच. उजव्या भुवईत केस न उगवलेली रेघ. त्याचा चेहरा मी नीट पाहिला नाही. पाहिला असता तर आवडला असता, याची भीती वाटली. एवढंच दिसलं की तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. फोटोतून तो डावीकडे बघत होता, आईकडे.

“आता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील,” बजरंग म्हणाला. “ते सांगा, मग माझं काम संपलं.”

माझ्या ओढणीच्या आत फोन थरथरला. काढला. आकडे आलेले होते.

आणि सांगायला हरकत काय होती, हेही कबूल करते. नोकरी मलाच मिळणार होती. संभाजीनगरच्या त्या खुर्चीत हेच हात, हेच डोकं बसणार होतं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा छाती भरून हसत होते. आईला तिचं हरवलेलं सापडणार होतं. मला फक्त सहा आकडे म्हणायचे होते. त्यानंतर राजनंदिनी नावाची कुणी या घरात जन्मली होती, हे सांगणारं कुणी उरलं नसतं. माझी मीही उरले नसते. जीभ टाळूला लागली होती, पहिला आकडा तोंडात होता.

“अभी,” अण्णा मायेनं म्हणाले, “सांग की, बाळा.”

मला त्यांनी बाळा कधीच म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पुलावर गाडी वाजली. बोळात दबली, फाटकातून आली. स्टँड लागलं. या वेळी पिंपाचं झाकण निघाल्याचं सगळ्यांनी ऐकलं, बजरंगनं मान वर केली. फरशीवर पाणी पडलं. मग ओल्या पायांचा आवाज ओट्याच्या पायरीवर आला, आणि अगदी माझ्या खांद्यामागून, माझ्याच घोगऱ्या आवाजात कुणी म्हटलं, “आई.”

मी वळले नाही. माझी नजर आईवर होती. तिचं तोंड उघडलं होतं. डोळे माझ्या खांद्यामागे लागले होते, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मी तिच्या वाट्याला कधी आणू शकले नव्हते. सव्वीस वर्षांची वाट होती ती. आई एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, संपलं.

“राजी,” आई म्हणाली. “आकडा सांगू नको.”

अण्णा उठू लागले. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला आणि बजरंगच्या समोर येऊन उभी राहिली. ती रडत होती, पण आवाज सरळ होता.

“लिवून घ्या, साहेब. ह्या घरात पोरगा न्हाई. मला एकच लेकरू हाय, अन् ती लेक हाय. ती झाली तवा दवाखान्यात माझ्या उशाशी कुनी न्हवतं. बारशालाबी कुनी आलं न्हाई. तिचं नाव म्या एकटीनं ठिवलंय, कुनाला न इचारता. राजनंदिनी. लिवा.”

माझ्या खांद्यामागे काही हललं नाही. मानेला ओला गारवा लागत होता, तो तसाच राहिला. बजरंग मोबाईलवर बोट ठेवून बसून होता. एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होता.

“आकड्यांची मुदत संपली,” तो शेवटी म्हणाला. “पण सर... मॅडम, हे बंद करणं माझ्या हातात नाही. पूर्ण होईपर्यंत सिस्टीम रोज नवे आकडे पाठवणार.”

“पाठवू दे,” मी म्हणाले. आवाज अजून घोगरा होता, पण माझा होता. “मी इथंच आहे.”

याला आता दोन महिने झाले. अण्णा मला नावानं हाक मारत नाहीत. कुठल्याच नावानं मारत नाहीत, समोरून उठून जातात. त्याचं दुःख आहे, मी ते लपवत नाही. गाडी अजून दीडला येते आणि फरशी ओली होते. दुसरं ताट आई वाढत नाही. स्टँड वाजलं की ती माझ्या शेजारी पाट ओढून बसते, माझ्या गुडघ्यावर हात ठेवते, आणि फोन थरथरायची आम्ही दोघी वाट बघतो.

“आला का?” काल तिनं विचारलं.

“आला.”

“पुसला?”

“पुसला.”

“मग जेव,” आई म्हणाली.